लिनक्सवरची नेहमीची देखभाल शेड्यूल कशी करायची: क्रॉन, टायमर आणि मधले खड्डे

लिनक्सवर ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवायच्या मुख्य दोन पद्धती आहेत: जुना क्रॉन, आणि सिस्टमडीचे टायमर (सिस्टमडी म्हणजे मशीन सुरू झाल्यावर बाकीच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम). कुठलंही नवीन काम शेड्यूल करायला बसण्याआधी मशीनवर आपोआप काय काय चालतंय ते बघून घ्या, कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि मग एकच साफसफाई तीन ठिकाणांहून होत राहते. टर्मिनल उघडा आणि टाका

सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल

(कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, तुम्ही अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे टाइप करायचे. चिन्हं, स्पेस, डॅश मात्र जसेच्या तसे. कमांड आणि पाथ सगळे स्मॉल लेटर्समध्ये, कॅपिटल जिथे लागेल तिथे मी सांगते.)

जे टेबल येतं त्यात प्रत्येक टायमर पुढच्या वेळी कधी चालणार, मागच्या वेळी कधी चालला आणि तो कुठली सर्व्हिस सुरू करतो हे सगळं दिसतं. उबंटू किंवा डेबियन असेल तर ॲप्ट-डेली, ॲप्ट-डेली-अपग्रेड, लॉगरोटेट, मॅन-डीबी, एफएसट्रिम आणि सिस्टमडी-टेम्पफाइल्स-क्लीन ही मंडळी बहुतेक दिसतीलच. म्हणजे पॅकेजच्या याद्या ताज्या करणं, लॉग फाइल फिरवणं (जुनी बाजूला ठेवून नवीन सुरू करणं), एसएसडीला ट्रिम करणं (कुठली जागा आता रिकामी आहे ते तिला कळवणं, हेच एफएसट्रिमचं काम), जुन्या तात्पुरत्या फाइल उडवणं ही कामं आधीच कुणीतरी लावून ठेवलीत. त्यामुळे जुना एखादा लेख वाचून क्रॉनमध्ये एफएसट्रिमची ओळ घालायची काही गरज नाही, तो टायमर आठवड्यातून एकदा चालतोच. फेडोरावर तो ३२ व्या व्हर्जनपासून चालूच असतो, आर्चवर मात्र हाताने चालू करावा लागतो.

मग जुन्या पद्धतीच्या जागा बघा: क्रॉनटॅब -एल (तुमच्या यूझरची यादी), सुडो क्रॉनटॅब -एल (रूटची, म्हणजे ॲडमिन यूझरची), आणि /ईटीसी/क्रॉनटॅब, /ईटीसी/क्रॉन.डी, /ईटीसी/क्रॉन.डेली वगैरे फोल्डर. डेबियनवर एक गंमत दिसेल, क्रॉन.डेली मध्ये लॉगरोटेटची फाइल असते आणि टायमरच्या यादीतही लॉगरोटेट असतो, मग दोनदा चालतं का? नाही. ती फाइल उघडून बघा, वरतीच अट आहे की सिस्टमडी चालू असेल तर गपचूप बाहेर पड.

काय लावायचं आणि काय नाही

माझं मत सरळ आहे, शेड्यूल करायची कामं जितकी कमी तितकी बरी. बॅकअप हे एक काम तुम्हालाच लावावं लागतं, डिस्ट्रो (उबंटू, फेडोरा वगैरे) लावून देत नाही. डिस्कची तब्येत तपासणं हे दुसरं. अपडेट तिसरं, पण त्याची सोय तयार मिळते. बाकी बरीचशी कामं सेटिंगमध्ये एक ओळ बदलून भागतात.

उदाहरणार्थ जर्नल, म्हणजे सिस्टमडीचा लॉग. लोक क्रॉनमध्ये दर आठवड्याला जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-टाइम वगैरे लावतात. अहो, /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टममॅक्सयूज=५००एम लिहा (सिस्टम, मॅक्स, यूज तिन्हींचं पहिलं अक्षर आणि शेवटचा एम कॅपिटल), सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा, विषय संपला. जर्नल त्या आकड्याच्या आसपासच राहतं, त्यासाठी कुणी रात्री उठून झाडू मारायला नको. काहीच लिहिलं नाही तरी जर्नल त्या फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांच्या आणि जास्तीत जास्त ४ जीबीच्या पुढे जात नाही. आत्ता किती जागा खाल्लीय ते जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज सांगेल.

ठरावीक फोल्डरमधल्या जुन्या फाइल उडवायच्या असतील, समजा स्कॅन केलेल्या फाइलचा ढीग साठतोय, तर त्यालाही क्रॉन नको. /ईटीसी/टेम्पफाइल्स.डी मध्ये स्कॅन.कॉन्फ नावाची फाइल करून एकच ओळ टाका

ई /एसआरव्ही/स्कॅन - - - ३०डी

आणि जो सफाईचा टायमर आधीच आहे (मशीन सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी आणि मग दर दिवसाला) तोच ३० दिवसांपेक्षा जुनं ते काढून टाकेल. हे काम फाइंड कमांडने करायचंच असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: -डिलीट हा शब्द कायम शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडे एकेक अट तपासत जातं, त्यामुळे -डिलीट आधी आणि -एमटाइम +३० नंतर लिहिलं तर वय तपासण्याआधीच फाइल गेलेली असते, आणि सगळ्याच जातात. आधी -डिलीट च्या जागी -प्रिंट लिहून यादी बघायची, मगच बदलायचं. आणि +३० म्हणजे पूर्ण ३० दिवसांहून जास्त, म्हणजे खरंतर ३१ दिवस पूर्ण झालेल्या फाइलपासून पुढे, हेही लक्षात असू द्या.

रॅम मोकळी करण्यासाठी दर तासाला ड्रॉप_कॅशेस (कर्नलची कॅशे रिकामी करायला लावणारी फाइल) मध्ये ३ लिहिणारा क्रॉन अजूनही लोक एकमेकांना देत असतात. कृपया नको. लिनक्स रिकामी रॅम डिस्कच्या कॅशेसाठी वापरतो ते तुमच्याच फायद्याचं आहे, प्रोग्रामला लागली की तो ती स्वतःच सोडतो. तुम्ही तासातासाला ती कॅशे फेकून दिलीत तर पुढची प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागणार आणि मशीन उलट हळू होणार.

क्रॉन

क्रॉन १९७० च्या दशकापासून युनिक्सवर आहे, आणि लिनक्सवर जो वापरतात त्याचं मूळ पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनमध्ये आहे. फेडोरा आणि रेड हॅटवाल्या मंडळींकडे त्याचाच पुढचा अवतार क्रोनी असतो. वापरायला सोपा. क्रॉनटॅब -ई टाका, एडिटर उघडेल, एका ओळीत एक काम. आधी पाच रकाने वेळेचे, मग कमांड. मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), तारीख, महिना, वार. वारात ० म्हणजे रविवार आणि ७ म्हणजेही रविवार.

३० २ * * ० /यूएसआर/लोकल/बिन/होम-बॅकअप

म्हणजे दर रविवारी पहाटे अडीचला बॅकअप. */१० मिनिटाच्या जागी लिहिलं तर दर १० मिनिटांनी. @डेली, @वीकली, @रीबूट असे शॉर्टकटही आहेत, पण @डेली म्हणजे मध्यरात्री बरोबर १२ ला, आणि सगळेच जण १२ लाच कामं लावतात, म्हणून मी तरी ३ वाजून १७ मिनिटं, ४ वाजून ४१ मिनिटं अशा वेड्यावाकड्या वेळा देते. डेबियनवाल्यांनीही तेच केलंय, त्यांच्या /ईटीसी/क्रॉनटॅब मध्ये रोजची कामं ६ वाजून २५ मिनिटांनी, आठवड्याची रविवारी ६:४७ ला आणि महिन्याची १ तारखेला ६:५२ ला असतात.

आता खड्डे, आणि क्रॉनमध्ये ते भरपूर आहेत.

पहिला म्हणजे क्रॉनटॅब -आर. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी, आणि -आर म्हणजे सगळी यादी डिलीट, तीही काही न विचारता. म्हणून यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवायची, बदल त्या फाइलमध्ये करायचा आणि क्रॉनटॅब फाइलचंनाव असं टाकून ती चढवायची. फाइल राहते, गिटमध्ये टाकता येते, कोणी कधी काय बदललं ते कळतं.

दुसरा, आणि यानेच सगळ्यात जास्त लोकांचं डोकं खाल्लंय: टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालत नाही. कारण क्रॉन तुमची बॅशआरसी (शेलची सेटिंग फाइल) वगैरे वाचतच नाही. शेल असतो साधा एसएच, आणि पाथमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायच्या त्या यादीत) बऱ्याच ठिकाणी फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. तुम्ही /यूएसआर/लोकल/बिन मध्ये काही टाकलं असेल, पायथनचं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट असेल, एसएसएच एजंट असेल, यातलं काहीच त्याला दिसत नाही. उपाय म्हणजे क्रॉनटॅबच्या वरच्या ओळीत पाथ स्वतः लिहायचा (हा कॅपिटलमध्ये) किंवा स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता द्यायचा. आणि तपासायचं असेल तर क्रॉनची वाट बघत बसू नका, त्याच्यासारखं रिकामं वातावरण हातानेच बनवा

एन्व्ह -आय होम=$होम पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी '/यूएसआर/लोकल/बिन/होम-बॅकअप'

(होम आणि पाथ कॅपिटल). इथे चालली तर पाथच्या तक्रारीमुळे क्रॉनमध्ये अडायची नाही.

तिसरा, टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबच्या ओळीत % म्हणजे नवीन ओळ, आणि पहिल्या % च्या पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. त्यामुळे बॅकअपच्या नावात तारीख घालायला डेट +%एफ लिहिलं (हा एफ कॅपिटल) की ओळ तिथेच तुटते. प्रत्येक % च्या आधी \ लावा, किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवा. मी दुसरंच करते.

चौथा, तारीख आणि वार दोन्ही दिले तर लोकांना वाटतं दोन्ही जुळले तरच काम होईल. उलटं आहे. ० ० १३ * ५ म्हणजे फक्त शुक्रवारी आलेली १३ तारीख नाही, तर प्रत्येक १३ तारीख आणि शिवाय प्रत्येक शुक्रवार. महिन्याचा पहिला रविवार हवा असेल तर तारीख १-७ द्यायची, वार * ठेवायचा आणि आज रविवार आहे का ही तपासणी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत करायची.

पाचवा क्रॉन.डेली फोल्डरचा. तिथे एक्झिक्युटेबल स्क्रिप्ट ठेवली की रोज चालते, क्रॉनटॅबची गरज नाही, छान. पण डेबियन-उबंटूवर फाइलच्या नावात टिंब असेल तर ती फाइल सरळ वगळली जाते. बॅकअप.एसएच कधीच चालणार नाही, बॅकअप चालेल. एरर येत नाही, लॉग येत नाही, काहीच होत नाही. रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली टाकून बघा, यादीत नाव आलं तरच ती चालणार.

आणि /ईटीसी/क्रॉनटॅब किंवा क्रॉन.डी मध्ये लिहीत असाल तर वेळेनंतर, कमांडच्या आधी यूझरचं नाव लागतं. तुमच्या स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये ते लागत नाही. इकडची ओळ तिकडे कॉपी केली की यूझरचं नावच कमांड समजून चालवायला जातो.

एखादं काम लांबलं आणि पुढची वेळ आली तर क्रॉन दुसरी कॉपी सुरू करतो, त्याला काही देणंघेणं नाही. दर १० मिनिटांचं सिंक २५ मिनिटं चाललं की तीन तीन कॉप्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. कमांडच्या आधी एफलॉक -एन आणि एका लॉक फाइलचं नाव द्या, आधीची चालू असेल तर नवीन तिथूनच परत फिरते.

लॅपटॉप असेल तर

क्रॉनला फक्त आत्ताची वेळ कळते. पहाटे अडीचला मशीन बंद होतं, तर ते काम गेलं, सकाळी चालू केल्यावर भरपाई नाही. सर्व्हरला हे चालतं, लॅपटॉपला अजिबात नाही. यासाठी ॲनाक्रॉन असतो, तो घड्याळ बघत नाही, मागच्या वेळी काम झाल्याला किती दिवस झाले ते बघतो, आणि मुदत उलटली असेल तर मशीन सुरू झाल्यावर काही मिनिटांनी ते उरकून घेतो. केव्हा झालं त्याची नोंद /व्हार/स्पूल/ॲनाक्रॉन मध्ये असते. क्रॉन.डेली वगैरे फोल्डर ॲनाक्रॉन असलेल्या मशीनवर तोच चालवतो, म्हणजे लॅपटॉपवर स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये टाकली (नावात टिंब नको!) की झालं. पण दिवसाच्या खालचा हिशोब त्याला येत नाही, तासाचं काम त्याला सांगू नका.

सिस्टमडी टायमर

नवीन मशीनवर मी आता हेच लावते. लिहायला दोन फाइल लागतात म्हणून लोक कुरकुर करतात, पण त्या बदल्यात लॉग आपोआप मिळतो, चुकलेलं काम भरून निघतं, एकाच कामाच्या दोन कॉप्या चालत नाहीत, आणि काम हाताने चालवून बघता येतं ते अगदी त्याच वातावरणात. क्रॉनमधली निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

घरच्या फोल्डरच्या बॅकअपचंच बघू. आधी स्क्रिप्ट, /यूएसआर/लोकल/बिन/होम-बॅकअप

#!/बिन/बॅश
सेट -ईयू
माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप
आरसिंक -ए --डिलीट /होम/ /एमएनटी/बॅकअप/होम/

सेट -ईयू मुळे कुठलीही ओळ फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. तिसरी ओळ छोटीशी आहे पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बाहेरची डिस्क जोडलेली नसेल तरी /एमएनटी/बॅकअप हे फोल्डर असतंच, रिकामं, आणि आरसिंक (फोल्डर कॉपी करणारा प्रोग्राम) बिनधास्त त्यात सगळं ओततो, म्हणजे तुमच्याच मुख्य डिस्कवर सगळ्याची दुसरी कॉपी, आणि जागा संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही. माउंटपॉइंट -क्यू तिथे खरंच डिस्क आहे का बघतं, नसेल तर स्क्रिप्ट फेल. फेल होणंच हवंय आपल्याला. /होम/ च्या शेवटचा स्लॅश विसरलात तर होमच्या आत अजून एक होम तयार होईल, तोही जपा. आणि हो, --डिलीट लावलेली ही कॉपी म्हणजे आरसा आहे, आज चुकून उडवलेली फाइल रविवारी बॅकअपमधूनही उडते. जुन्या तारखेच्या प्रती हव्या असतील तर आरसिंकचं --लिंक-डेस्ट किंवा सरळ रेस्टिक, बोर्ग यातला एखादा बॅकअपचा प्रोग्राम वापरा, टायमर तोच राहतो, फक्त ही शेवटची ओळ बदलते. स्क्रिप्टला सीएचमॉड +एक्स द्यायला (म्हणजे ती चालवता येईल अशी करायला) विसरू नका.

मग /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/होम-बॅकअप.सर्व्हिस

[युनिट]
डिस्क्रिप्शन=होमचा बॅकअप
[सर्व्हिस]
टाइप=वनशॉट
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/लोकल/बिन/होम-बॅकअप
नाइस=१९
आयओशेड्यूलिंगक्लास=आयडल
सक्सेसएक्झिटस्टेटस=२४

आणि शेजारीच होम-बॅकअप.टायमर

[युनिट]
डिस्क्रिप्शन=होमचा बॅकअप, दर रविवारी
[टायमर]
ऑनकॅलेंडर=सन *-*-* ०२:३०:००
पर्सिस्टंट=ट्रू
रँडमाइझ्डडिलेसेक=२०एम
[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=टायमर्स.टार्गेट

(या फाइलमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, जोडशब्दात प्रत्येक भागाचं. आयओ पूर्ण कॅपिटल. बरोबरच्या चिन्हानंतरचं मात्र बहुतेक स्मॉल.)

नाइस आणि आयओ वाल्या ओळी बॅकअपला मागच्या बाकावर बसवतात, तुम्ही काम करत असाल तर मशीन जड होऊ नये म्हणून. २४ चं प्रकरण असं की बॅकअप चालू असताना ब्राउझर वगैरे एखादी तात्पुरती फाइल उडवतो, आरसिंक म्हणतो अरे ही यादीत होती, आता नाही, आणि बाकीचं काम करून शेवटी एक्झिट कोड (काम कसं झालं ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे ठीक) २४ देतो. ते काही खरं फेल्युअर नाही, म्हणून त्याला यश समजा असं सांगितलंय. पर्सिस्टंट=ट्रू म्हणजे वेळ हुकली तर पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर चालव, ॲनाक्रॉनचं काम इथे या एका ओळीत. रँडमाइझ्डडिले २० मिनिटांच्या आत कधीतरी सुरू करतं, दहा मशीन एकाच स्टोरेजवर बॅकअप घेत असतील तर सगळी एकदम तुटून पडत नाहीत.

वेळ बरोबर लिहिलीय का हे आधी विचारून घ्या

सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर --इटरेशन्स=५ 'सन *-*-१..७ ०३:००:००'

पुढच्या पाच तारखा छापून देतो. मुद्दाम हे उदाहरण दिलं, कारण इथे वार आणि तारीख दोन्ही जुळावी लागतात, म्हणजे महिन्याचा पहिला रविवार एका ओळीत लिहून होतो, क्रॉनसारखी कसरत नाही. शेवटी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असं टाइमझोनचं नावही लावता येतं. सर्व्हर कुठल्या टाइमझोनवर आहे ते टाइमडेटसीटीएल सांगतो, भाड्याचे सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर असतात आणि मग तुमचा पहाटेचा बॅकअप भर कामाच्या वेळात सुरू होतो. जिथे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढेमागे करतात तिथे पहाटे १ ते ३ मध्ये महत्त्वाचं काम लावू नका, तो तास एकदा गायब होतो आणि एकदा दोनदा येतो.

मग

सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट होम-बॅकअप.सर्व्हिस
जर्नलसीटीएल -यू होम-बॅकअप.सर्व्हिस -एन ३०
सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ होम-बॅकअप.टायमर

क्रम बघा, आधी सर्व्हिस हाताने चालवून लॉग वाचायचा, सगळं ठीक असेल तरच टायमर चालू. इनेबल टायमरला करायचं, सर्व्हिसला नाही. नवीन माणसं नेमकी सर्व्हिस इनेबल करायला जातात आणि तिला इन्स्टॉलचा भागच नसतो म्हणून सिस्टमडी कुरकुरतो.

डिस्ट्रोने दिलेल्या टायमरची वेळ बदलायची असेल, समजा ॲप्ट-डेली-अपग्रेड सकाळी ६ ऐवजी रात्री हवा, तर मूळ फाइलला हात लावू नका, सुडो सिस्टमसीटीएल एडिट ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर टाका. आणि तिथे [टायमर] खाली आधी एक रिकामं ऑनकॅलेंडर= लिहा, मगच पुढच्या ओळीत नवीन वेळ. रिकामी ओळ नाही टाकली तर जुनी वेळ जात नाही, नवीन वेळ तिच्यात भर म्हणून पडते आणि दोन्ही वेळा चालतं.

रूट नसाल तर हेच सगळं होममधल्या .कॉन्फिग/सिस्टमडी/यूझर मध्ये करता येतं, प्रत्येक कमांडला --यूझर लावायचं. फक्त लॉगआउट झालात की तुमचे टायमरही झोपतात, ते जागे ठेवायला लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर एकदा चालवावं लागतं.

चाललं नाही हे कळणार कसं

वेळ लावणं हा या सगळ्यातला सोपा भाग. शेड्यूल केलेलं काम कुणी बघत नसताना चालतं आणि कुणी बघत नसतानाच बंद पडतं, आणि बॅकअप बंद पडलाय हे ज्या दिवशी बॅकअप लागतो त्याच दिवशी कळतं. म्हणून काम लावतानाच ते बोंबलणार कुठे हे ठरवा.

क्रॉनची जुनी पद्धत ईमेल. कामाने काहीही छापलं की क्रॉन ते क्रॉनटॅबमधल्या मेलटू च्या ओळीत (हा कॅपिटलमध्ये) दिलेल्या पत्त्यावर पाठवतो. पण मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्राम नसेल तर? डेबियन-उबंटूच्या जर्नलमध्ये क्रॉनच्या नावाने शोधा, 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ सापडेल. म्हणजे तुमची स्क्रिप्ट ओरडली होती, एररही नीट सांगितली होती, क्रॉनने ती कचऱ्यात टाकली. त्यामुळे एकतर एमएसएमटीपीसारखं हलकं काहीतरी बसवून मेल चालू करा, नाहीतर ओळीच्या शेवटी आउटपुट लॉगरकडे पाइप करा म्हणजे निदान जर्नलमध्ये तरी राहील. आणि >/डेव्ह/नल २>&१ हे सवयीने चिकटवू नका, तो पुरावा नष्ट करायचा प्रकार आहे.

सिस्टमडीत सर्व्हिसच्या [युनिट] भागात ऑनफेल्युअर=कळवा.सर्व्हिस अशी ओळ टाकता येते, आणि त्या दुसऱ्या सर्व्हिसमध्ये तुम्हाला मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट. कळवा.सर्व्हिस एकदाच लिहायची, सगळ्या कामांना तीच जोडायची. मधूनमधून सिस्टमसीटीएल --फेल्ड टाकायची सवय ठेवली तरी बरंच कळतं.

पण यातही एक भोक राहतं. मशीनच बंद असेल, टायमरच कुणी डिसेबल केला असेल, तर फेल व्हायला काही चालतंच नाही, मग ऑनफेल्युअर कशाला पेटणार? म्हणून महत्त्वाच्या कामाचं उलटं करा: स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत, सगळं नीट झाल्यावरच, दुसऱ्या एखाद्या मशीनला कर्लने (वेब पत्त्यावर विनंती पाठवणारी कमांड) हाक मारायची, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर त्या मशीनने तुम्हाला सांगायचं. तयार सेवाही मिळतात, स्वतःचीही बनवता येते. बॅकअपपुरतं एवढं केलंच पाहिजे असं मी म्हणेन, मॅन पेजच्या इंडेक्ससाठी कुणी करू नये. आणि दर दोनतीन महिन्यांनी बॅकअपमधून एखादी फाइल खरंच परत काढून उघडून बघा, एक्झिट कोड शून्य आला म्हणजे फाइल वाचता येतेच असं नाही.

डिस्क आणि अपडेट, पटकन

डिस्कसाठी स्मार्टमॉनटूल्स बसवा. त्यातल्या स्मार्टडीला (डिस्कची तब्येत बघत राहणारा प्रोग्राम) स्वतःचं वेळापत्रक आहे, क्रॉन नको. स्मार्टडी.कॉन्फ मधल्या डिस्कच्या ओळीत -एस (एस/../.././०२|एल/../../६/०३) असं लिहिलं (कंसातला एस आणि एल कॅपिटल, बाहेरचा -एस स्मॉल) तर रोज पहाटे २ वाजताच्या सुमाराला छोटी टेस्ट आणि शनिवारी ३ च्या सुमाराला मोठी. बीटीआरएफएस फाइलसिस्टम असेल तर महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) लावा, वरच्यासारखाच टायमर. डेबियनवर एमडीएडीएम वाला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला ॲरे) असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो सगळा ॲरे आपोआप तपासला जातो, त्या दिवशी मशीन अचानक जड झाली, डिस्क खडखडतायत म्हणून घाबरू नका, हॅक वगैरे काही झालेलं नाही.

अपडेटसाठी डेबियन-उबंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, फेडोरावर डीएनएफ-ऑटोमॅटिक. सिक्युरिटी अपडेट आपोआप जाऊ द्या, त्यात फार विचार करू नका. कर्नल बदलला तरी रीबूट होईपर्यंत जुनाच चालतो, डेबियन-उबंटूवर /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली तर रीबूट बाकी आहे समजायचं. ऑटोमॅटिक रीबूट सर्व्हरवर वेळ ठरवून चालतो, रोजच्या कामाच्या डेस्कटॉपवर मी तो लावत नाही. आर्चवर अपडेट आपोआप लावू नका, तिथे अधूनमधून हाताने काहीतरी करावं लागतं आणि त्याची सूचना वाचूनच पुढे जायचं असतं. मात्र पॅकेजची कॅशे साफ करणारा पॅककॅश.टायमर तिथे जरूर चालू करा, तो प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या ३ आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढतो.

एकदाच करायचं काम असेल, आज रात्री ११ ला हा सर्व्हर बंद कर वगैरे, तर क्रॉनमध्ये ओळ घालून नंतर काढायला विसरण्यापेक्षा ॲट वापरा. ॲट २३:०० टाकून कमांड लिहायची, कंट्रोल-डी. ॲटक्यू यादी दाखवतो, ॲटआरएम काढून टाकतो.

आणि एखादा टायमर नको झाला तर नुसती फाइल उडवू नका. आधी सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ होम-बॅकअप.टायमर, मग सुडो सिस्टमसीटीएल क्लीन --व्हॉट=स्टेट होम-बॅकअप.टायमर म्हणजे पर्सिस्टंटसाठी जपलेली मागच्या वेळेची नोंद जाते, मग दोन्ही फाइल डिलीट, मग डेमन-रीलोड. ती नोंद राहिली आणि सहा महिन्यांनी त्याच नावाचा नवीन टायमर केलात, तर तो इनेबल केल्या केल्या, रविवार नसतानाही, वेळ हुकली समजून लगेच चालू होतो.